सात पावलांचा पिंजरा

विदर्भाबाहेरच्या एका गावात नगरपालिकेची बाग आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही नागपूरहून सहलीला गेलो होतो तेव्हा तिच्या कोपऱ्यात चार-पाच पिंजरे होते. गेल्या वर्षी पुन्हा तिकडे जाणं झालं. प्राणी केव्हाच गेले. एका पिंजऱ्यात माळ्याचे पाइप, खताची पोती आणि चाक निखळलेली हातगाडी होती. दार उघडंच होतं, म्हणून आत जाऊन मोजलं. लांबी माझी सात पावलं, रुंदी चार.

तेव्हा तिथे बिबट्या होता. गजांना अंग घासत जायचा, कोपऱ्यात मान वर करून वळायचा, परत यायचा. वळण दर वेळी त्याच जागी, मानेचा झटका तसाच, शेपटीचं टोकसुद्धा त्याच गजाला लागायचं. आमच्यातले एक काका म्हणाले, "सारखा चकरा मारून रायला बाप्पा, भूक लागली असन." सगळे हसले.

काकांचं निदान अर्धं बरोबर होतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे या येरझारीला 'स्टिरिओटिपी' म्हणतात. तीच हालचाल, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा, आणि तिच्यातून काही साधतंय असं दिसत नाही. हत्ती डोलतो, वाघ-बिबटे चालतात. जेवणाची वेळ जवळ आली की ही चाल वाढते, इथवर काका खरे. पण ती नुसत्या भुकेची नसते. हातातली हालचाल थांबवून दुसरी निवडायची, हे काम मेंदूच्या खोल भागातली 'बेसल गँग्लिया' नावाची केंद्रं करतात, आणि वर्षानुवर्षं कोंडलेल्या प्राण्यांत हा ब्रेकच नीट लागत नसावा, असं अनेक संशोधकांना वाटतं. म्हणूनच काही प्राणी मोठ्या, झाडाझुडपांच्या आवारात नेल्यावरही जुन्या पिंजऱ्याच्या मापानेच चालत राहतात. समोर भिंत नसते, तरी वळतात.

मग सगळेच प्राणी असे का वागत नाहीत? ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये याचं उत्तर मांडलं. प्राणिसंग्रहालयांतल्या मांसभक्षक जातींची माहिती गोळा करून त्यांनी ती त्यांच्या रानातल्या आयुष्याशी ताडून पाहिली. तोवर बहुतेकांचा समज असा, की शिकार करायला मिळत नाही म्हणून हे प्राणी बिनसतात. आकडे ते दाखवत नव्हते. ज्या जातीचा रानातला वावर जितका मोठा, तितकी तिची पिंजऱ्यातली येरझार जास्त, आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. या यादीत ध्रुवीय अस्वलाची गत सगळ्यात वाईट होती. त्याचं नेहमीचं आवार म्हणजे रानातल्या त्याच्या किमान क्षेत्राचा साधारण दहा लाखावा हिस्सा.

आपल्याला अस्वलासाठी ध्रुवावर जायची गरज नाही. मध्य भारताच्या चांगल्या जंगलात एका वाघिणीला साधारण वीस चौरस किलोमीटर लागतं, नराला त्याच्या कितीतरी पट. जागा शोधायला निघालेल्या तरुण नराची तर गोष्टच वेगळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक वाघ निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, मध्येच तेलंगणात डोकावून, तीन हजार किलोमीटरच्या वर चालत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

आता पुण्याचं पेशवे पार्क घ्या. १९५३ मध्ये महापालिकेने सुरू केलेलं हे प्राणिसंग्रहालय शहराच्या मधोमध होतं, जेमतेम सात एकर. वाघिणीचं वीस चौरस किलोमीटर म्हणजे एकरात जवळपास पाच हजार. अख्खं पेशवे पार्क, माणसांच्या वाटा, बाकडी आणि 'फुलराणी' या पोरांच्या छोट्या आगगाडीच्या रुळांसकट, तिच्या गरजेच्या सातशेवा भाग. २००५ मध्ये ते बंद झालं, प्राणी शहराच्या कडेला, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले. तिथे १३० एकर आहेत. हिशेब केलात तर कात्रजही तिच्या जागेच्या अडतिसाव्या हिश्शात बसतं.

शहरातल्या बागांत हे पिंजरे आले कसे, हे समजायला आमची नागपूरची महाराजबाग पुरेशी आहे. सीताबर्डीला लागून, नाग नदीच्या काठी, भोसल्यांच्या काळची ही बाग. तिथे १८९४ मध्ये प्राणी आले. आधी बाग, मग तिच्यात कारंजं, बँडस्टँड आणि वाघ, हा त्या काळचा रिवाज. मुंबईची राणीची बागही त्याच घराण्यातली. पिंजरा किती मोठा, हे बघणाऱ्याला वाघ नीट दिसेल का यावर ठरायचं. प्राणी माणसाला किती जवळ येऊ देतो, त्याला एक ठरावीक अंतर असतं, आणि पिंजरा त्याहून लहान असेल तर प्राणी कायम पळण्याच्या पवित्र्यात राहतो, हे हाइनी हेडिगर या स्विस शास्त्रज्ञाने मांडायला विसावं शतक उजाडावं लागलं. आज महाराजबाग पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. कापूस-सोयाबीनच्या संस्थेने वाघाच्या मटणाचाही हिशेब ठेवायचा, ही गंमत नागपूरकरांना आता गंमत वाटत नाही.

वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि पिंजऱ्याला पहिल्यांदा प्राण्याचं माप लागलं. पुढे तपासलेल्या पाचशेहून अधिक ठिकाणांपैकी साडेतीनशेच्या आसपास ठिकाणांना मान्यता नाकारली गेली. माझ्या सात पावलांसारखे पिंजरे बहुधा त्याच लाटेत रिकामे झाले. महाराजबागेची मान्यताही २०१८ मध्ये गेली होती. प्रकरण अपिलात आणि उच्च न्यायालयात गेलं, बाग चालू राहिली. शहराच्या कडेला २०२१ मध्ये गोरेवाड्याची सफारी उघडली, तेव्हापासून जुन्या बागेचं आता काय करायचं हा विषय इथे अधूनमधून निघतोच.

माझं मत विचाराल तर बाग लहान आहे हा गुन्हा नाही, त्यात वाघ-बिबटे ठेवणं हा आहे. क्लब-मेसन यांच्या कामातूनही वाट हीच निघते : लांब पल्ल्याचे प्राणी ठेवू नका, नाहीतर आवाराची रचनाच अशी करा की प्राण्याला लपायच्या जागा, रोज नवे वास, आणि कुठे बसायचं हे स्वतः ठरवायची मुभा मिळेल. नुसतं क्षेत्रफळ वाढवून वाघाचा हिशेब कधीच जुळणार नाही. कासव, साप, सायाळ यांचं मात्र थोडक्यात निभतं. शाळेच्या पोरांना सायाळ दाखवा, ती वाघाइतकीच खिळून बघतात.

मी पावलं मोजत होतो तेव्हा माळी दारात येऊन उभा राहिला. काय मोजताय, म्हणाला. बिबट्याची खोली, मी म्हटलं. त्याला बिबट्या ठाऊक नव्हता, तो नंतर लागलेला. त्याने खताच्या पोत्यांखालचं बीळ दाखवलं. "मुंगूस राहतंय इथं. सकाळी पाणी सोडलं की गजातनं बाहेर पडतंय, दुपारच्याला परत."