ट्रायपॉड जड असला तरच फोटो स्थिर येतो का?

‘हलका ट्रायपॉड घेतला की फोटो हलणारच,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. वजनाची मदत होते, हे खरं. पण बहुतेक वेळा फोटो हलतो तो मधला दांडा पूर्ण वर काढल्यामुळे किंवा पायांची शेवटची, काडीसारखी बारीक नळी उघडल्यामुळे. बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या वाऱ्यातही छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला दीड किलोचा ट्रायपॉड पुरतो. दांडा खालीच ठेवा, जाड नळ्या आधी उघडा. मधल्या दांड्याखालच्या हुकाला वजनासाठी बॅग अडकवताना तिचा तळ जमिनीला टेकू द्या. लोंबकळली तर तीच हेलकावे देते.

पडताळा बेळगावात दुकानातच घ्या. कॅमेरा लावून स्क्रीनवरचं चित्र १० पट मोठं करा आणि पायाला टिचकी मारा. थरथर लगेच थांबली तर घ्या. रेंगाळली तर वजन कितीही असो, सोडून द्या.