शेपू म्हणजे बडीशेपेचा पाला नव्हे हो

बडीशेप कुणाला सांगायला नको, जेवण झालं की चिमूटभर तोंडात टाकतो तीच. पण दर थंडीला कुणीतरी ज्ञान देतंच, डब्यातली बडीशेप कुंडीत टाका की घरचा शेपू तयार. मीपण एकदा ऐकलं. उगवलं झकास, पानं सेम केसासारखी बारीक, म्हणून तर हा घोळ मिटत नाही. लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली तर नुसता मुखवास लागला, घरच्यांनी भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली.

खरी गोम बियांत आहे. शेपूचं बी म्हणजे बाळंतशेप, बाळंतिणीला देतात ती, काही दुकानांत सुवा म्हणतात. नावात दोन्हीकडे शेप आलं की लोकांना वाटतं एकच वस्तू, एक जरा बारीक एवढंच. तसं नाही. बाळंतशेप चपटी, तपकिरी, कडेला फिकट पातळ किनार. बडीशेप लांबट, टपोरी, हिरवट आणि अंगावर उभ्या रेघा. तरी शंका असेल तर एक दाणा चावा ना, बडीशेप गोड लागते (ते तिच्या तेलातल्या अनेथोल या सुगंधी द्रव्यामुळे), बाळंतशेप उग्र, जराशी कडवट (ते तसंच कार्व्होनमुळे). उगवल्यावर पान चोळून वास घेतला तरी कळतं. आमच्याकडे कानडी बोलणारे शेपूला सब्बसगी म्हणतात, त्यांचा हा गोंधळ होतच नाही, नावात शेपच नाही! आणि पेरायला भाजलेली बाळंतशेप आणू नका, ती उगवत नाही.

बाकी फरक किरकोळ. शेपू 40-45 दिवसांत कापायला येतो, बडीशेपेला दाणे धरायला पाच-सहा महिने लागतात. दोघांचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावत बसू नका, जागेवरच पेरा. सोलापुरात ऑक्टोबर ते जानेवारी पेरा, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा, कारण एप्रिलच्या उन्हात शेपू पानं सोडून फुलावरच येतो.

भाजीला जाड देठ काढायचे, बारीक चिरायचं, भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, वरून शेंगाचं कूट, आणि झाकण ठेवायचं नाही. अख्खी पेंडी शिजून वाटीभर होते, त्यामुळे दोन आणा. त्यात गूळ घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोडच पाहिजे तर बडीशेपेचा कोवळा पाला काकडीच्या कोशिंबिरीत घाला, तिथे तो मस्त लागतो.