बहुविकलांग मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड: पात्रता, कागदपत्रं आणि बोर्डाचा दिवस

मुलाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) आहे, फिट्स येतात, दूध नाकातल्या नळीतून जातं. अशा घरात दिव्यांग प्रमाणपत्राचं काम मागे पडतं, यात नवल नाही. ओपीडी, थेरपी, औषधं आणायला मेडिकल, पुन्हा ओपीडी. त्यात घरातलं कुणी तरी म्हणतंच, "एवढ्यात कशाला शिक्का लावून घ्यायचा? सुधारेल की." सुधारलं तर आनंदच आहे. पुढच्या तपासणीत दिव्यांगत्वाचे टक्के कमी होतील, एवढंच. पण युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक सवलत तोवर अडून राहते. म्हणून कार्ड लवकर काढावं.

पात्रता: आजाराला टक्के नसतात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते ७ होते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, दृष्टी, श्रवण, स्नायूंचे विकार हे सगळे यादीत आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं असलेल्या कित्येक घरांना आपलं मूल या कायद्यात बसतं हेच माहीत नसतं.

आता यादीत नसलेलं. नुसती एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार, हा स्वतंत्र प्रकार नाही. जन्मजात हृदयविकारही नाही. नळी, ऑक्सिजन, सक्शन मशीन यांचे वेगळे टक्के मिळत नाहीत. पालकांना हे फार लागतं, कारण रात्रीची झोप उडवणारं नेमकं हेच असतं. पण बोर्ड, म्हणजे टक्के ठरवणारं सरकारी रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ, आजार किती गंभीर आहे ते मोजत नाही. मूल काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, ते मोजतं. एकदा हे लक्षात आलं की फाइल कशी लावायची ते आपोआप समजतं.

बौद्धिक दिव्यांगत्वासाठी वयाचं एक वर्ष पूर्ण हवं. पाच वर्षांखालच्या मुलांचं निदान "विकासात्मक विलंब" असं लिहितात आणि प्रमाणपत्र तात्पुरतं देतात. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपलेल्या दाखल्यावर नूतनीकरणं अडतात.

"बहुदिव्यांगत्व" मागून घ्या

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कायद्यात सीपी अस्थिव्यंगाच्या गटात येतो, म्हणून अर्जात तेवढंच भरलं जातं. पण सीपीच्या मुलांना बऱ्याचदा दृष्टी, श्रवण किंवा बौद्धिक अडचणही असते. दोन किंवा अधिक प्रकार असतील तर प्रमाणपत्र बहुदिव्यांगत्वाचं हवं. त्याचा नमुना वेगळा आहे, क्रमांक सहा.

इथे टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. समजा, अस्थिव्यंग ५० टक्के आणि दृष्टी ४० टक्के. मोठा आकडा तसाच धरायचा. ९० मधून तो वजा केला की उरतात ४०. त्याला लहान आकड्याने, म्हणजे ४० नेच, गुणायचं आणि ९० ने भागायचं. येतात साधारण १८. ते मोठ्या आकड्यात मिळवले की झाले ६८ टक्के. फक्त अस्थिव्यंगावर अर्ज केला असता तर कार्डावर ५० च आले असते. ८० टक्क्यांची रेषा ओलांडली की आयकराची वजावट वाढते, त्यामुळे हा फरक कागदापुरता राहत नाही.

यासाठी तपासण्या आधीच हातात हव्यात. ऐकण्यासाठी बेरा. दृष्टीसाठी नेत्रतज्ज्ञांचा अहवाल, गरज असेल तर व्हीईपी, म्हणजे दिसलेलं मेंदूपर्यंत पोचतं का ते पाहणारी चाचणी. बौद्धिक क्षमतेसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आयक्यू किंवा डीक्यू (विकासाचा गुणांक) चाचणी आणि रोजच्या व्यवहारातल्या क्षमतेची व्हीएसएमएस. बेरा झोपेत करतात, लहान मुलांना त्यासाठी औषध देतात. फिट्सची औषधं चालू असतील तर मुलाच्या न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी मोफत होते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघरमधूनच सुरू झाला होता.

अर्ज

अर्ज ऑनलाइनच, केंद्राच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून देणं बंधनकारक आहे. मूल अल्पवयीन असल्याने अर्ज पालक भरतात. अर्जाला सरकारी शुल्क नाही. सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत भरून घेतलात तर त्यांचे पैसे होतील.

लागतं ते असं: मुलाचं आधार (किंवा आधार नोंदणीची पावती), सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा, पालकांचा चालू मोबाइल नंबर आणि उपचारांची कागदपत्रं. नाव आधारवर जसं आहे तसंच भरा. आईने लाडाने ठेवलेलं नाव शाळेत आणि वडिलांचं नाव गाळलेलं आधार, असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या बाल आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. पाचव्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं आणि तिथे स्पॅस्टिक, म्हणजे स्नायू ताठर असलेल्या, मुलांचं अडतं. मूठ उघडत नाही, नजर स्थिर राहत नाही. आधारच्या नियमांत अशांसाठी बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. ऑपरेटर "ठसे येत नाहीत, परत या" म्हणाला तर त्याला अपवादाची नोंद करायला सांगा.

फॉर्ममध्ये रुग्णालय निवडायचं असतं. राहत्या जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय चालतं, किंवा मुलावर उपचार जिथे चालू आहेत किंवा झाले आहेत ते सरकारी रुग्णालयही चालतं. दुसरा पर्याय बरेच जण विसरतात. मुलाची सगळी फाइल जिथे आहे, तिथल्या डॉक्टरांसमोर उभं राहणं केव्हाही सोपं. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक येतो. तो फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे. दोन वर्षांहून जास्त काळ निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो, म्हणून "होईल कधीतरी" म्हणून सोडून देऊ नका.

बोर्डाचा दिवस

बहुतेक सिव्हिलमध्ये बोर्ड ठरावीक वारी बसतो. कोणत्या विभागाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी फोनवर विचारा, कारण बहुदिव्यांगत्वासाठी एकाहून जास्त विभागांच्या सह्या लागतात. केसपेपर सकाळी लवकर काढा. फीड, औषधं, जास्तीचे डायपर, सक्शन लागत असेल तर चार्ज केलेलं मशीन, हे सगळं सोबत हवं. दोन माणसं गेली तर एक रांगेत उभं राहतं आणि दुसरं मुलापाशी.

डॉक्टरांकडे प्रत्येक मुलासाठी थोडाच वेळ असतो. ते विचारतात, "बसतो का?" आई पटकन म्हणते, "हो, बसतो ना!" आपल्या लेकराचं कौतुक करायची सवयच असते. पण तो बसतो तो मागे दोन उश्या आणि आजीचा हात असल्यावर. मग उत्तर "आधाराशिवाय बसत नाही" असं हवं. "सगळं समजतं हो त्याला" हेही खरं असेल, पण त्यासोबत हेही सांगा की तहान लागली तर त्याला सांगता येत नाही.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे एका पानावर मुलाचा दिवस लिहून न्यायचा. असा:

सकाळी ६: नळीतून १२० मिली दूध, ३५ मिनिटं, मानेला आधार देऊन.
८: फिट्सचं औषध. आंघोळ दोघांनी मिळून.
११: उभं राहण्याच्या स्टँडमध्ये २० मिनिटं, पट्टे लावून.
दुपारी: कूस बदलावी लागते, स्वतः वळत नाही.
रात्री: दोनदा सक्शन.

खाली शू-शीचं सांगतो का, घास गिळतो का, ओळखीच्या आवाजाकडे वळतो का, हे दोन-तीन ओळींत. डॉक्टरांना टक्के ठरवायला लागणारी माहिती नेमकी ही असते. पन्नास पानांच्या डिस्चार्ज समऱ्यांमधून ती शोधायला कुणालाही वेळ नसतो. समऱ्या न्या, पण वर हे पान लावा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळायला हवं. त्यासाठी नमुना आठ आहे, तो मागा. टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. त्या वेळी बेरा आणि व्हीएसएमएसचे अहवालच कामी येतात.

मंजुरी मिळाली की कार्ड पोर्टलवरून डाउनलोड होतं. रंगावरून प्रमाण कळतं: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. ते देशभर चालतं. बदली होऊन हैदराबादला गेलात तरी प्रमाणपत्र पुन्हा काढायची गरज नाही.

कार्ड आल्यावर लगेच करायची कामं

निरामय आरोग्य विमा आधी. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठीच आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि हप्ता काहीशे रुपयांतच भागतो. खासगी कंपन्या आपल्या मुलांना पॉलिसी द्यायला किती टाळाटाळ करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात, पण मर्यादा ठरलेल्या आहेत आणि पैसे बिलं दिल्यावर परत मिळतात. थेरपिस्टकडून दर वेळी शिक्क्याची पावती घ्या. वहीच्या कागदावर लिहिलेलं चालत नाही. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला मात्र हे कार्ड लागत नाही, तिथे शिधापत्रिकेवर काम होतं.

रेल्वेसाठी सवलतीचा वेगळा नमुना सरकारी डॉक्टरांच्या सहीने भरून मग रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर अर्ज करायचा. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या मुलासोबतच्या एका माणसालाही तीच सवलत मिळते. बोर्डाच्या दिवशीच हा नमुना छापून न्या, म्हणजे सहीसाठी पुन्हा खेप नको. एसटीच्या सवलतीसाठी आगारात चौकशी करा.

नोकरदार पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या कररचनेत कलम ८०डीडीखाली ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. खर्च प्रत्यक्षात कितीही झालेला असो. सीपी, स्वमग्नता आणि बहुदिव्यांगत्वासाठी त्याला फॉर्म १०-आयएमधला वैद्यकीय दाखला लागत आला आहे. दुसरी, महाराष्ट्रात अशा मुलांच्या पालकांना व्यवसाय करातून सूट आहे. पगारातून वर्षाला २,५०० रुपये कापले जात असतील तर ऑफिसात कार्डाची प्रत द्या.

मूल अठराचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत सही कुणाची, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. वर सांगितलेल्या चार गटांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. अर्ज अठरा पूर्ण झाल्यावर करायचा, पण प्रमाणपत्र तोवर अद्ययावत असायला हवं, म्हणून सतराव्या वर्षीच मुदत तपासा.