जर्मनीचे एकीकरण : आरंभीच्या आधुनिक काळातील अडथळे

स्थूलमानाने पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्यातील (मध्य युरोपातील अनेक राज्यांचा निर्वाचित सम्राटाखालील सैल समूह) जर्मन भाषिक प्रदेशांचे एकसंध राज्य होऊ न देणारी कारणे. साम्राज्यात सुमारे तीनशे संस्थाने, धर्मपीठे (बिशप वगैरे धर्माधिकाऱ्यांची राज्ये) व साम्राज्यनगरे (थेट सम्राटाच्या अखत्यारीतील नगरे) होती. सरदारांच्या बारीकसारीक जहागिरी धरल्यास ही संख्या बरीच वाढते.

विघटनाचा प्रारंभ केव्हा मानावा, याबद्दल मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील प्रशियावादी इतिहासकारांनी तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहाला दोष दिला. मुळे मात्र त्याहून जुनी दिसतात. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या कारकीर्दीतच नाणी, जकात व न्यायदान यांविषयीचे हक्क १२२० मध्ये धर्मपीठांच्या अधिपतींना आणि १२३१–३२ च्या सुमारास इतर राजेरजवाड्यांना मिळाले. १३५६ च्या ‘गोल्डन बुल’ या शाही सनदेने सात निर्वाचकांचा सम्राट निवडण्याचा हक्क पक्का केला. १५१९ पासून तर सम्राटाला निवडणुकीच्या वेळी लेखी अटी मान्य कराव्या लागत. त्या वर्षी निवडून आलेल्या पाचव्या चार्ल्सचीही त्यातून सुटका झाली नाही. वेस्टफेलियाने संस्थानिकांना परकीयांशी मैत्रीचे करार करण्याची मुभा दिली, पण ते सम्राट व साम्राज्य यांच्याविरुद्ध नसावेत, या अटीवर. चालत आलेल्या व्यवहाराला तहाने कायद्याचे रूप दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१४९५ मध्ये वर्म्स येथे भरलेल्या साम्राज्यसभेने सर्व साम्राज्यासाठी ठरवलेला कर नीट वसूल झाला नाही. कायमचा महसूल नाही, म्हणून सम्राटाला साम्राज्याचे खडे सैन्यही ठेवता आले नाही.

१५५५ च्या ऑग्जबर्ग तहाने प्रजेचा पंथ राजावर सोपवला आणि धार्मिक दुफळीला प्रादेशिक सीमा मिळाल्या. कॅथलिकांनी १५८३ च्या सुमारास नवे (ग्रेगरियन) कॅलेंडर स्वीकारले. बहुतेक प्रॉटेस्टंट संस्थाने १७०० पर्यंत जुन्यावरच राहिली. शेजारच्या दोन गावांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असे. ओस्नाब्रुक या धर्मपीठात १६४८ नंतर एकदा कॅथलिक बिशप, तर एकदा प्रॉटेस्टंट ब्रन्सविक-ल्यूनेबुर्ग घराण्यातील राजपुत्र, अशी पाळी ठरली. १७६४ मध्ये त्याच घराण्यातील इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा तान्हा मुलगा तेथे बिशप झाला!

फ्रान्स व स्वीडन हे वेस्टफेलियाच्या तहाचे हमीदार होते. साम्राज्याची न्यायालये दुबळ्यांना संरक्षण देत. त्यामुळे लहान संस्थाने टिकली, तशी फाटाफूटही टिकली. १७४० मध्ये प्रशिया या उत्तरेकडील जर्मन राज्याने ऑस्ट्रियाच्या सायलीझिया प्रांतावर स्वारी केल्यावर ऑस्ट्रियाशी उघड स्पर्धा सुरू झाली.

नेपोलियनच्या दबावाखाली १८०३ मध्ये बहुतेक धर्मपीठे व साम्राज्यनगरे मोठ्या संस्थानांत विलीन झाली. ओस्नाब्रुक हॅनोव्हरला मिळाले. ६ ऑगस्ट १८०६ रोजी दुसऱ्या फ्रान्सिसने सम्राटपद सोडले आणि साम्राज्य संपुष्टात आले.