तोट्यातली एफ-वन टीम विकत घेतं कोण? थोडी पार्श्वभूमी

एखादी फॉर्म्युला वन टीम अडचणीत आल्याची बातमी आली की आमच्या रत्नागिरीत रेस बघणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, आता हिला घेणार कोण, आणि तोट्यातला धंदा कुणी घ्यावाच का. प्रश्न रास्त आहे पण त्याचं उत्तर गाडीत सापडत नाही. इथल्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीची बोट विकायला निघाली की घेणारा आधी विचारतो परवाना आहे का, तो नावावर होईल का, बोजा किती आहे, इंजिनाचं मग बघू. इथंही तसंच. चॅम्पियनशिपमधली एन्ट्री म्हणजे रेसमध्ये उतरायचा हक्क, मागच्या सीझनला कितवा नंबर आला त्यावर मिळणारे बक्षिसाचे पैसे, आणि कारखान्यातली माणसं, एवढं शाबूत असेल तर गिऱ्हाईक येतं. गाडी काय, ती तर दर वर्षी नवीनच बनवायची असते.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण फोर्स इंडियाचं, पण ती टीम मुळात आपली नव्हती हे बरेच जण विसरतात. एडी जॉर्डनने १९९१ ला सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या समोरच सुरू केलेली ही टीम, शूमाकरची पहिली एफ-वन रेस हिच्याच गाडीतून झाली. पैशाची ओढाताण झाल्यावर २००५ च्या सुरुवातीला जॉर्डनने ती मिडलँडच्या ॲलेक्स श्नायडरला विकली, त्याच वर्षी नारायण कार्तिकेयन याच टीमकडून पहिला भारतीय एफ-वन ड्रायव्हर झाला. पुढच्या वर्षी ती डच स्पायकर कंपनीकडे गेली आणि २००७ ला विजय मल्ल्या आणि मिखिएल मोल यांनी ८.८ कोटी युरोला घेऊन तिचं नाव फोर्स इंडिया ठेवलं. म्हणजे तीन वर्षांत तीन मालक, पण कारखाना तोच आणि त्यात राबणारी बरीचशी माणसंही तीच.

याच माणसांनी पुढे कमाल केली. २००९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर टीमचा ड्रायव्हर फिसिकेलाने पोल, म्हणजे रेस सुरू होताना सगळ्यात पुढची जागा घेतली आणि रेसमध्ये दुसरा आला, २०१६ आणि २०१७ ला टीम चौथी आली, तेही खूप मोठ्या बजेटच्या टीम मागे टाकून. पण वर मालकांचं काही खरं नव्हतं. २०११ ला सहाराने १० कोटी डॉलर घालून ४२.५ टक्के हिस्सा घेतला होता, नंतर सहाराचे प्रमुख जेलमध्ये, मल्ल्या कोर्टात, आणि टीमकडे सप्लायरचे पैसे द्यायला पैसे नाहीत. २७ जुलै २०१८ ला, हंगेरीच्या रेसच्या वीकेंडलाच, लंडनच्या कोर्टाने टीम ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाच्या ताब्यात दिली आणि तो अर्ज होता टीमचाच ड्रायव्हर सर्जिओ पेरेझचा. आपल्याकडे तेव्हा लोकांनी त्याला गद्दार वगैरे म्हटलं, मला ते आजही पटत नाही. टीमकडे पैसे थकलेला दुसरा एक घेणेकरी टीम थेट बंद करायच्या मागे होता, तसं झालं असतं तर कारखान्याला टाळं लागून सामान तुकड्यातुकड्यात विकलं गेलं असतं. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये निदान टीम चालू ठेवून गिऱ्हाईक शोधता येतं. टीममधल्याच लोकांनी गळ घातली म्हणून त्याने ते केलं आणि चारशेवर माणसांची नोकरी वाचली.

गिऱ्हाईक मिळालं कॅनडाचा अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोलच्या ग्रुपच्या रूपात, पण मध्ये एक मेख होती. भारतीय बँकांच्या दाव्यांमुळे जुन्या कंपनीचे शेअर विकता येईनात, मग कंपनी न घेता नुसती मालमत्ता घेतली, म्हणजे कारखाना, गाड्या, माणसं. त्यामुळे जुनी एन्ट्री गेली, सीझनच्या मध्यात नव्या एन्ट्रीने यावं लागलं आणि तोवर कमावलेले टीमचे ५९ पॉइंट शून्य झाले. बक्षिसाचे पैसे मात्र बाकीच्या टीमनी मान्यता दिली म्हणून टिकले, आणि माझ्या मते अख्खा सौदा त्या एका सहीवर उभा होता. त्यानंतरची पहिली रेस स्पाला, आपल्याकडे राखीपौर्णिमेचा रविवार होता तो, क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, टीमचा दुसरा ड्रायव्हर ओकॉन तिसरा पेरेझ चौथा, आणि रेसमध्ये पेरेझ पाचवा ओकॉन सहावा. शून्यावरून सुरू करून टीम सीझन संपताना सातवी. आज तीच टीम ॲस्टन मार्टिन म्हणून पळते.

पण प्रत्येकीचं असं होत नाही. मॅनॉरची गोष्ट वाचून मला अजून वाईट वाटतं. २०१४ ला ती मारुशिया नावाने पळायची, मोनॅकोला ज्यूल्स बियांकी नववा आला आणि टीमला पहिलेवहिले २ पॉइंट मिळाले. त्याच ऑक्टोबरमध्ये सुझुकाला बियांकीचा भयंकर अपघात झाला आणि काही आठवड्यांतच टीम दिवाळखोरीत. तरी २०१५ ला स्टीफन फिट्झपॅट्रिकने पैसे घालून ती उभी केली, कारण त्या २ पॉइंटांमुळे नववा नंबर आणि बक्षिसाचे पैसे येणार होते. पुढे २०१६ ला मॅनॉर १ पॉइंटवर दहावी होती, ब्राझीलच्या पावसात सौबरचा फेलिपे नासर नववा आला, सौबरला २ पॉइंट मिळाले आणि मॅनॉर अकरावी. पैसे पहिल्या दहांनाच. जानेवारी २०१७ ला पुन्हा ॲडमिनिस्ट्रेशन, एका गुंतवणूकदाराशी चाललेली बोलणी फिसकटली, नवीन सीझन तोंडावर, आणि महिना संपायच्या आत सगळा स्टाफ घरी. ज्या २ पॉइंटांनी टीम जगवली तेवढेच दुसऱ्याला मिळाले तेव्हा ती मेली.

स्पेनची एचआरटी २०१२ च्या शेवटी विकायला काढली तेव्हा कुणी फिरकलंच नाही, तीन सीझनमध्ये एकही पॉइंट नाही. आपले करुण चंढोक आणि कार्तिकेयन दोघंही तिच्यासाठी पळलेत. कॅटरहॅमने तर २०१४ ला अबू धाबीच्या रेससाठी लोकांकडून वर्गणी काढली, पुढच्या वर्षी सामानाचा लिलाव.

याच्या उलट मोठी कंपनी बाहेर पडते तेव्हा किंमत नावाला असते. डिसेंबर २००८ ला होंडाने अंग काढून घेतलं, टीमचाच प्रमुख रॉस ब्रॉनने टीम १ पौंडाला घेतली आणि २००९ ची ड्रायव्हरची आणि टीमची अशा दोन्ही चॅम्पियनशिप जिंकली. फुकट दिली म्हणतात लोक, पण बंद करायचा खर्चही मोठाच असतो, होंडाने पुढच्या वर्षासाठी वर पैसेही दिले. वर्ष संपताना मर्सिडीजने तीच टीम घेतली.

२०२१ पासून मात्र हिशोबच बदलला. खर्चाला १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली, आणि नवीन टीमला यायचं तर आधीच्या टीमना वाटायला २० कोटी डॉलर भरायचे असं करारात आलं. म्हणजे असलेल्या एन्ट्रीचा भाव आपोआप वर. विल्यम्स ऑगस्ट २०२० ला, हे लागू व्हायच्या तोंडावर, डॉरिल्टन कॅपिटल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने १५.२ कोटी युरोला घेतली. तीन वर्षांनी रेनॉच्या अल्पिन टीमच्या नुसत्या २४ टक्क्यांचे २० कोटी युरो आले, आणि ती टीम काही जिंकत नव्हती. नवीन टीम आणू पाहणाऱ्या अमेरिकेच्या अँड्रेटीला २०२४ ला एफ-वनने नाही म्हटलं, मग जनरल मोटर्सच पुढे झाली आणि तिच्या कॅडिलॅकला २०२६ साठी अकरावी जागा मिळाली. त्यामुळे आता टीम शेवटच्या नंबरावर असली तरी घेणारे आहेत, फक्त मालकाने विकायला काढेपर्यंत घेणेकरी कोर्टात पोचलेले नसावेत.