मोनेच्या चित्रातलं धुकं मोजायचं कसं?

मार्च १९०० मधल्या एका रविवारी सकाळी फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात उठला, खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याच्या पोटात गोळाच आला. धुकं गायब! अर्धवट रंगवलेले सगळे कॅनव्हास आता वाया जाणार. पण थोड्या वेळानं घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटल्या, धुराडी सुरू झाली आणि धुकं परत आलं. पत्नी ॲलिसला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे कळवलं आहे. ते पत्र वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते: आग पेटल्यावर जे परत येतं ते नुसतं धुकं नव्हे.

दगडी कोळशाची शेगडी ज्यांनी पेटवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवा कोळसा टाकला की आधी दाट पिवळट धूर निघतो, धग नंतर लागते. कोळशात बराच भाग तापल्यावर वायुरूप होणाऱ्या डांबरी पदार्थांचा असतो. कारखान्याच्या नीट चालवलेल्या भट्टीत तो निदान काही प्रमाणात जळतो. लंडनच्या घरांतल्या उघड्या आगीत मात्र तेवढं तापमानच नसायचं, त्यामुळे तो न जळताच धुराड्यातून वर जायचा. शिवाय कोळशात गंधक. दीड टक्का गंधक धरला तर एका टनात १५ किलो, आणि जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे सुमारे ३० किलो सल्फर डायऑक्साइड. लाखो घरं, रोज सकाळ-संध्याकाळ. आणि हिवाळ्यात टेम्सच्या खोऱ्यात थंड हवा खाली साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, मग धुराला वर जायला वाटच राहत नाही.

या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे कण तयार होतात आणि खरा घोटाळा तेच करतात. त्यांना पाणी फार प्रिय. दमट हवेत ते ओलावा शोषून फुगतात आणि त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या, आसपास येतो. स्वच्छ हवेचे रेणू याहून कितीतरी लहान. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. फुगलेले कण मात्र सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मग दोन गोष्टी होतात. दूरच्या इमारतीकडून येणारा प्रकाश वाटेतच इकडेतिकडे विखुरतो, आणि भलतीकडचा प्रकाश आपल्या नजरेच्या रेषेत घुसतो. पहिल्यामुळे कडा विरतात, दुसऱ्यामुळे सगळं पांढुरकं होतं.

हे आकड्यात मांडता येतं. काळी वस्तू आणि तिच्यामागचं आकाश यांच्यातला फरक दोन टक्क्यांवर आला की डोळ्याला ती वस्तू दिसेनाशी होते, असं साधारण धरतात; तसं ज्या अंतरावर होतं ती दृश्यता. त्यावरून सोपं सूत्र निघतं: ३.९ ला दृश्यतेच्या किलोमीटरनं भागा, म्हणजे हवेचा दर किलोमीटरचा गढूळपणा मिळतो. दृश्यता २५ किलोमीटर असेल तर सरळ येणाऱ्या प्रकाशातला सुमारे १४ टक्के भाग दर किलोमीटरला गळतो. १० किलोमीटर असेल तर ३२ टक्के. आणि एकच किलोमीटर असेल तर ९८ टक्के. (अंदाजासाठी: शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे.)

ॲना ली अल्ब्राइट आणि पीटर हायबर्स या हवामानशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये हेच गणित कॅनव्हासवर लावलं. इंग्रज चित्रकार टर्नरची १७९६ ते १८५० मधली ६० चित्रं आणि मोनेची १८६४ ते १९०१ मधली ३८. प्रत्येक चित्रात कडा किती ठळक आणि रंग किती पांढुरके, हे संगणकानं मोजलं आणि त्या त्या वर्षाच्या सल्फर डायऑक्साइडच्या अंदाजाशी ताडून पाहिलं. कडांच्या ठळकपणातल्या चढउतारापैकी ६१ टक्के भाग या वायूच्या प्रमाणाशी जुळला. टर्नरच्या १८३० पूर्वीच्या चित्रांत सरासरी दृश्यता २५ किलोमीटरच्या आसपास, नंतरच्या चित्रांत १० च्या. टेम्सवरच्या चेअरिंग क्रॉस पुलाच्या मोनेनं काढलेल्या अनेक चित्रांत ती जेमतेम एक किलोमीटर भरते. सॅव्हॉयपासून संसदेची इमारत सव्वा किलोमीटरवर आहे, आणि त्या चित्रांत ती पुलामागे असून नसल्यासारखी दिसते, हे इथे आठवावं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ही शैलीच धूसर, त्यात हवेचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. पण पॅरिसच्या मानानं लंडनमध्ये कोळसा आधी आला आणि चित्रंही त्याच क्रमानं धूसर होत गेली. मोतीबिंदूचं कारणही पुढे करतात, ते मात्र टिकत नाही: मोनेचं निदान १९१२ मधलं, लंडनची चित्रं त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची.

मोने डोळ्यांनी किती नेमकं टिपत होता, याचा आणखी एक पुरावा संसदेच्या १९ चित्रांच्या मालिकेत आहे. ती त्यानं नदीपलीकडच्या सेंट थॉमस रुग्णालयातून, दुपारनंतर, पश्चिमेकडे पाहत रंगवली. संसदेच्या मनोऱ्यांची उंची आणि जागा माहीत असल्यानं तेच फूटपट्टी होतात. लंडनमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये मावळतीचा सूर्य क्षितिजावर रोज अर्ध्या अंशाहून थोडा जास्त उजवीकडे सरकतो, म्हणजे साधारण स्वतःच्या व्यासाएवढा. त्यामुळे मनोऱ्याच्या कोणत्या बाजूला सूर्य आहे यावरून तारखेचा अंदाज येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या बेकर आणि थॉर्न्स यांनी २००६ मध्ये हे गणित मांडलं, आणि तारखा मोनेच्या पत्रांशी जुळल्या.

रंगांवर मात्र एवढा भरवसा ठेवता येत नाही. त्या जांभळ्या-पिवळ्या छटांवरून हवेत डांबर किती आणि काजळी किती हे ठरवण्याचा मोह होतो, पण हे कॅनव्हास मोनेनं फ्रान्समधल्या आपल्या जिव्हर्नीच्या घरी नेले आणि १९०४ मध्ये पॅरिसला त्यातले ३७ टांगेपर्यंत स्टुडिओत बसून त्यांवर हात फिरवत राहिला. तिथल्या खिडकीबाहेर टेम्स नव्हती.