डेटाबेसचं शेल दहा मिनिटांनी का तुटतं? – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“जेवून परत आलो तर शेल तुटलेलं, आणि केलेले बदलही गायब!” असा फोन इतक्या वेळा येतो की शेवटी हे लिहून काढलं. पॉड, नेमस्पेस, डिप्लॉय हे कुबर्नेटिसच्या कामातले शब्द तुमच्या डेव्हलपर मंडळींना रोजचे आहेत, असं धरूनच लिहितो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. नुसतं उघडं ठेवलेलं शेल, म्हणजे क्वेऱ्या टाइप करायची खिडकी, आम्ही तोडत नाही. ते दुपारभर तसंच राहिलं तरी आमची हरकत नाही. तुटतं ते उघडं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेऱ्यांचा अर्धवट सोडलेला गट. बिगिन केलं, दोन क्वेऱ्या चालवल्या आणि कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द) न करता माणूस उठून गेला, की दहा मिनिटांनी पोस्टग्रेस (आपलं डेटाबेस सॉफ्टवेअर) ते कनेक्शन बंद करतं आणि कमिट न झालेलं सगळं मागे घेतं. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. मुळात ती बंद असते. आम्ही ती मुद्दाम चालू केली, कारण ती नसताना काय होतं ते आम्ही भोगलं आहे.

एका ग्राहकाच्या डेव्हलपरने सकाळी ऑर्डरच्या टेबलावर बिगिन करून साधी सिलेक्ट क्वेरी चालवली. काही बदललं नाही, फक्त पाहिलं. पण सिलेक्टसुद्धा टेबलावर एक हलकं लॉक घेते आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ते सुटत नाही. लॅपटॉप मिटून तो मीटिंगला गेला. तेवढ्यात नवं डिप्लॉय लागलं, आणि त्यात त्याच टेबलाला एक कॉलम जोडणारं मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारं काम) होतं. कॉलम जोडायला टेबलाचा पूर्ण ताबा लागतो, म्हणून मायग्रेशन त्या सिलेक्टच्या मागे थांबलं. खरी गोम पुढे आहे: ताबा मागणारं मायग्रेशन रांगेत उभं राहिलं, की त्या टेबलावर नंतर येणारी प्रत्येक क्वेरी, अगदी नुसती वाचणारीही, त्याच्या मागे अडकते. ऑर्डर सर्व्हिसची सगळी कनेक्शनं अडकली, मग तिच्या उत्तराची वाट पाहणारी पेमेंट सर्व्हिस अडकली. सीपीयू निवांत, डिस्क मोकळी, आणि दुकान बंद. आम्ही पाऊण तास नेटवर्कमध्ये दोष शोधत होतो.

लॅपटॉप मिटला म्हणजे शेल संपलं, असं समजू नका. एक्झेकने (चालू पॉडच्या आत आज्ञा चालवायची सोय) उघडलेली जोडणी तुटली तरी पॉडच्या आत सुरू झालेलं पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं शेल) पुष्कळदा जिवंतच राहतं. पोस्टग्रेसच्या दृष्टीने समोर कोणीतरी बसलेलंच असतं.

म्हणून जागेवरून उठण्याआधी प्रॉम्प्टकडे एक नजर टाका. बरोबरच्या (=) चिन्हाला लागून * दिसला तर ट्रान्झॅक्शन उघडं आहे. तिथे ! दिसलं तर मधली एखादी क्वेरी फसली आहे आणि रोलबॅक केल्याशिवाय पुढचं काही चालणार नाही. पोर्ट-फॉरवर्ड करून (डेटाबेसचा पोर्ट आपल्या मशीनवर आणून) ग्राफिकल टूल जोडणाऱ्यांनी जास्त जपावं: तिथे ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होणं) बंद असेल तर बिगिन न लिहिताच ट्रान्झॅक्शन उघडतं, आणि स्क्रीनवर ते सहज लक्षात येत नाही.

“दहाची तीस मिनिटं करून द्या” अशी विनंती येते. ती आम्ही मान्य करत नाही, आणि त्यामागे आडमुठेपणा नाही. ज्या कामाला मध्येच दहा मिनिटं विचार करावा लागतो, त्याच्या क्वेऱ्या आधी फाइलमध्ये लिहा, वाचा, सहकाऱ्याला दाखवा आणि मगच शेल उघडा. तुमच्या मायग्रेशनमध्ये लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबायची कमाल मुदत) पाच सेकंदांवर ठेवलं, तर लॉक न मिळाल्यास मायग्रेशन स्वतःच माघार घेतं आणि मागची रांग मोकळी होते. हे कसं घालायचं ते आम्ही तुमच्या टीमसोबत बसून दाखवतो. त्याचं वेगळं बिल नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: थेट डेटाबेसच्या पॉडमध्ये एक्झेक का करू देत नाही? पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) कंटेनरच्या आतून येणाऱ्या कनेक्शनला मुळात पासवर्ड विचारला जात नाही. म्हणजे ज्याला एक्झेकची परवानगी, त्याला सुपरयूजरची (सर्वाधिकारी वापरकर्त्याची) किल्ली. शिवाय कुबर्नेटिसच्या ऑडिट लॉगमध्ये एक्झेक कोणी केलं ते दिसतं, आत जाऊन काय टाइप केलं ते दिसत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक नेमस्पेसमध्ये वेगळा शेल पॉड ठेवतो. त्यात पीएसक्यूएल तयार असतं, आणि प्रत्येकाने आपापल्या नावाने, आपल्या पासवर्डने आत जायचं. ज्यांना बदलाची परवानगी आहे त्यांचं कनेक्शन मुख्य डेटाबेसला जातं, बाकीच्यांचं वाचनासाठीच्या रेप्लिकाला (मुख्य डेटाबेसच्या प्रतीला). तुमच्या सर्व्हिसच्या पॉडमध्ये शिरून पीएसक्यूएल शोधू नका. त्या इमेज हलक्या ठेवलेल्या असतात, काहींत तर लिनक्सचं शेलच नसतं, आणि तिथे काही इन्स्टॉल केलंत तरी नवा पॉड आला की ते गेलं.

रेप्लिकावर लांबलचक रिपोर्ट मध्येच रद्द झाला तर तो बिघाड नाही. मुख्य डेटाबेसवरचे बदल लागू करायला तुमची क्वेरी आड येत असेल, तर पोस्टग्रेस मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबतं आणि मग क्वेरी रद्द करतं. आम्ही ही मुदत पाच मिनिटांवर नेली आहे. महिनाअखेरचे मोठे रिपोर्ट काढणाऱ्यांना तीही पुरत नाही. त्यांना आम्ही फक्त रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका देतो. तिचं मासिक शुल्क वेगळं आहे, पण ज्यांनी घेतली त्यांचे या विषयावरचे फोन थांबले.

आणि सगळं एकदम ठप्प झालंच, तर सर्व्हिसचे पॉड रीस्टार्ट करत बसू नका. लॉक दुसऱ्याच कोणाकडे असतं, त्यामुळे नवे पॉडही त्याच रांगेत जाऊन उभे राहतात. सरळ फोन करा आणि नेमस्पेस आणि ठप्प झाल्याची साधारण वेळ सांगा. कोणाचं ट्रान्झॅक्शन कोणाला अडवतंय हे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या पोस्टग्रेसच्या सोयींतून आम्हाला दिसतं. ते तोडण्याआधी ज्याचं आहे त्याला आम्ही एकदा विचारतो, म्हणून फोनवर ती व्यक्ती हजर असेल तर काम लवकर होतं.